अप्पांचं भिंग

अप्पा, तुमचं पितळी कडीचं भिंग माझ्याकडे आहे. विमानातून काढलेले फोटो तुम्ही त्यातून पाहायचात आणि बाँब नेमका जिथे पडायला हवा तिथे पेन्सिलीनं टिंब ठेवायचात. शाळेतल्या सिस्टरनी वडिलांवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी लिहिलं होतं, माझे वडील टिंबं काढतात. सिस्टर हसल्या होत्या.

ऑफिसातलं काही घरी आणायचं नाही, हा तुमचा नियम. म्हणून रविवारी स्वयंपाकघरात आपला खेळ चाले तो आपल्या गावाच्या, वलवणच्याच एका फोटोवर, कुणीतरी डोंगरावरून काढलेल्या. मी दहा वर्षांची. तुम्ही म्हणता, "पंपाच्या खोलीवर ठेव." मी ठेवते. तुम्ही भिंग धरता.

"टोक केलं नाहीस. टिंबात शेजारचं घर आलं."

"कुणाचं?"

"दूधवाल्या मावशींचं."

मला हसू येतं. तुम्ही हसत नाही. पेन्सिल काढून घेता आणि ब्लेडनं टोक करत बसता. आई ताटं वाढून खोळंबलेली. "मावशींना उडवून झालं असेल तर जेवायला बसा. उद्या दूध कोण घालणार?"

शेवटच्या आजारपणात मी विचारलं होतं, तुमचं टिंब कधी चुकलं का. "एकदाही नाही," म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. तेराव्याला आलेल्यांना मी ते अभिमानानं सांगितलं.

तुम्ही न पाहिलेला तुमचा नातू आता त्याच कामावर आहे. पेन्सिल गेली, स्क्रीनवर फुली असते. परवा घरी आला तेव्हा त्यानं फोनवर सगळीकडे फिरणारा एक व्हिडिओ दाखवला. छप्पर, फुली, पांढरा धूर. "आई, बघ, हातभरसुद्धा इकडेतिकडे नाही!" मी म्हटलं, "छान." मला काहीच वाटलं नाही. मग त्यानं आजोबांचं भिंग मागितलं, टेबलावर ठेवायला. सापडत नाही म्हटलं. परत जाताना उर्स्याच्या टोलनाक्यावरून त्याचा फोन, "सापडलं का गं?" नाही म्हटलं.

ते तांदळाच्या डब्यात आहे. हे पत्रही घडी घालून तिथेच ठेवीन. का दिलं नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. तुम्हाला सांगते. त्या रविवारी मला मावशींचं घर दिसलंच नव्हतं, अप्पा. परवा व्हिडिओतल्या त्या छपरावर वाळत घातलेले कपडे मला दिसले होते. तरी मी छान म्हटलं.