‘तटस्थ’चा अभिप्राय

८ नोव्हेंबर, शनिवार

काल आठ वाजता मुलीच्या मालिकेचे पहिले दोन भाग दाखवले. पाहिले. ठीक आहेत.

ठीक म्हणजे काय, ते लिहून ठेवतो. निळ्या पोशाखात उडणाऱ्या वीराची मूळ मालिका सहा वर्षं चालली. सगळे त्याला नुसतं ‘निळ्या’ म्हणतात. पोरं म्हणतात ते सोडा, आमचा न्हावीही म्हणतो. शेवटी शेवटी त्याची धाकटी बहीण तीन-चार भागांत येऊन गेली. लोकांना आवडली, म्हणून आता तिची वेगळी मालिका — ‘झेल’. पडणारी कुठलीही वस्तू ती हवेतल्या हवेत थांबवते. उडता येत नाही, मारामारी येत नाही. पडतंय ते झेलायचं, बस्स. ही बहीण म्हणजे आमची मुलगी.

पहिल्या भागात चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी झेलली. दुसऱ्यात गच्चीवरची टाकी. टाकी थांबली, पाणी मात्र खाली आलं. पाणी पडणाऱ्या वस्तूंत धरत नाहीत का?

हिने, म्हणजे मुलीच्या आईने, दोन्ही भाग उभ्याने पाहिले. बस म्हटलं तर म्हणाली, “बसून लक्ष लागत नाही.”

१० नोव्हेंबर, सोमवार

लोकांचं म्हणणं गोळा करतोय. दुकानदारांची वजनमापं तपासण्यात एकतीस वर्षं गेली. निवृत्त झालो तरी काटा कुठे झुकतो ते बघायची खोड जात नाही.

न्हावी — “काका, निळ्या नाही तर त्यात काही राम नाही. पण ताई चांगलं काम करते.” मग कात्री थांबवून — “म्हणजे करेल हळूहळू.”

समोरचे बँकवाले (तेही निवृत्त, पण अजून टाय लावून भाजी आणतात) — “तुमची मुलगी म्हणून पाहिली हो. एरवी आम्ही बातम्याच बघतो.”

औषधांच्या दुकानातली बाई — तिची नात पलंगावर चढून बशा खाली टाकते आणि हात पसरून उभी राहते. “तीन फुटल्या. सांगा तुमच्या मुलीला.” तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

मेहुणी, फोनवर, हिला — “अगं, तो पोशाख जरा सैल शिवला असता तर शिंप्याचं काय गेलं असतं?”

एकंदरीत काटा मध्ये.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टॅबवर अनोळखी लोकांच्या कमेंट वाचल्या. टॅब मुलीनेच दिलेला, वापरायलाही तिनेच शिकवलं. दोन-चार उतरवून घेतो.

“झेल घ्यायचाच असेल तर क्रिकेट खेळ, बाई.”

“आईबरोबर पाहिली. पहिल्यांदाच कुणीतरी मारामारी न करता जिंकलं.”

“भावाच्या नावावर पोट भरणं चालू.”

“मला आवडली. का ते विचारू नका, मी कामावर आहे.”

“नाक मोठं आहे.”

नाक माझ्याकडून गेलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल तिसरा भाग झाला. आज मुलीचा फोन. आईशी वीस मिनिटं, माझ्याशी तीन.

“बघताय ना, बाबा?”

“बघतोय.”

“कसं वाटतंय?”

“बघतोय अजून.”

“बरं.”

नाटक-सिनेमात जाते म्हणाली तेव्हा मी विरोध केला नव्हता. पाठीवर थापही मारली नव्हती. दोन्ही आपल्याला जमत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हिने मालिकेच्या वेळी फोन उचलायचा नाही असा नियम केलाय. सगळ्यांना कळवलं. मेहुणी रागावली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल चौथा भाग. यात निळ्या येणार, असं आठवडाभर गाजवत होते. आला. दहा मिनिटं होता. मग त्याचं उडण्याचं बळ जातं आणि तो पुलावरून खाली पडतो. बहीण हात पुढे करते, एक क्षण तो हवेत थांबतो, आणि निसटतो. संपलं. पुढे दीड मिनिट नुसती ती उभी. मागे माणसं धावतायत, आक्रोश चाललाय, आणि मुलीच्या चेहऱ्यावर काही नाही. घड्याळ लावून मोजलं.

ही मध्येच उठून आत गेली. भांडी दुपारीच घासून झाली होती. तीच परत घासत होती.

सकाळी मी पहिल्यांदाच कमेंट लिहिली. नाव काय घालायचं, असं यंत्राने विचारलं. ‘तटस्थ’ घातलं. बाप म्हणून लिहायचं तर खोटं लिहावं लागलं असतं. मजकूर असा —

“चौथ्या भागात भाऊ हातून निसटतो. त्यानंतर दीड मिनिट नायिकेचा चेहरा कोरा असल्याचे निदर्शनास येते. ओठ मिटलेले, मान ताठ, डोळे कोरडे. सदर अभिनेत्रीस रडता येत नाही. सबब दुःखाचे प्रसंग तिला देऊ नयेत.”

वाचून पाहिलं. एकही शब्द चुकीचा नाही. काट्यात खोट असेल तर दुकान नात्यातल्याचं असलं तरी शिक्का मारायचा नाही. मी सख्ख्या मामेभावाचं दुकान आठवडाभर बंद ठेवलं होतं. त्याने नंतर लग्नाला बोलावलं नाही, ते सोडा.

२३ नोव्हेंबर, रविवार

‘तटस्थ’ला दोन हजार लोकांनी पसंती दिली. एवढी माणसं माझ्याशी एका दिवसात कधी सहमत झाली नव्हती. बरं वाटलं, लपवत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा हजार. कुणीतरी तिच्या चेहऱ्याचा फोटो काढून त्याखाली माझी वाक्यं छापली आहेत. दुसऱ्या कुणी तोच फोटो घेऊन खाली लिहिलंय — “बायकोने विचारलं, माहेरी जाऊ का? मी —”. तिसऱ्याने तिचं नाव ‘कोरी’ ठेवलं. आता सगळे तेच म्हणतायत. मालिका न बघणारेही.

संध्याकाळी हिने जेवताना वाचून दाखवलं. मला, माझंच.

“कोण मेला हा तटस्थ? सदर अभिनेत्रीस म्हणे. याच्या घरी कुणी मेलं नसेल कधी.”

मी वरण वाढून घेतलं.

“तुम्ही काही बोलत का नाही?”

“लोक लिहितात. लिहू दे.”

“तुम्ही लिहा ना त्याला चार शब्द. तुम्हाला येतं चांगलं लिहायला.”

२६ नोव्हेंबर, बुधवार

न्हाव्याकडे जायचा दिवस. गेलो नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल पाचवा भाग. बघणारे कमी झाले म्हणतात. आज वर्तमानपत्रात अर्धं पान आलंय — ‘झेल’ची बाजू घेणारे किती, विरोधातले किती, का. मधोमध चौकटीत ‘तटस्थ’चा अभिप्राय. “एका जाणकार प्रेक्षकाच्या शब्दांत” असं वर. शेवटी एक ओळ — पुढचं पर्व काढायचं की नाही, यावर वाहिनीत एकमत नाही.

बँकवाले पान घेऊन आले. “वाईट वाटून घेऊ नका. पण माणूस मुद्द्याचं बोललाय.”

मी म्हणालो, “मुद्द्याचं आहे.”

त्यांना बहुधा भांडण अपेक्षित होतं. चहा न घेताच गेले.

२ डिसेंबर, मंगळवार

मुलगी आली. न कळवता, दोन दिवसांसाठी. वाळली आहे. जिन्यात शाळेतल्या दोन मुलींनी तिला अडवलं. एकीने सही घेतली. दुसरीने मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खुदखुदल्या. वर दारात उभ्या हिलाही ते ऐकू आलं — “कोरी.”

वर आल्यावर मुलगी म्हणाली, “सही घेणारी झेलची, हसणारी निळ्याची.” बॅग ठेवली आणि झोपली. चार तास.

३ डिसेंबर, बुधवार

दुपारी तिघं जेवायला बसलो. हिला राहवलं नाही.

“त्या दिग्दर्शकाला दिसत नव्हतं का गं? थोडं रडायचं होतंस. लोकांची तोंडं बंद झाली असती.”

“डोळ्यांत घालायचे थेंब आणले होते त्यांनी. मीच नको म्हटलं.”

“का?”

“खोटं झालं असतं.” ती भात कालवत होती. वर न बघता म्हणाली, “दादा गेला तेव्हा मी दारापाशी जशी उभी होते ना, तशी उभी राहिले. मला तेवढंच माहीत आहे.”

मी ताक मागितलं. तिने दिलं.

हे या वहीत मी आजवर लिहिलेलं नाही. आमचा मोठा अकरा दिवसांच्या तापात गेला. चौदा वर्षं झाली. तो एकोणीसचा होता, मुलगी तेराची. घर माणसांनी भरलं होतं. मी मुलीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “आईसमोर रडायचं नाही. ती कोसळेल.” दाराशी उभी केली. मान खाली गेली होती, ती हनुवटीला बोट लावून वर केली.

ओठ मिटलेले. मान ताठ. डोळे कोरडे.

दीड मिनिट घड्याळ लावून बघत बसलो होतो. ओळखलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी आधी ती कमेंट पुसली. उपयोग शून्य. शंभर ठिकाणी चिकटलेली आहे.

मग तिला सोडायला खाली गेलो. टॅक्सीला वेळ होता. बॅग माझ्या हातात. म्हटलं, “तो तटस्थ मी आहे.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“‘सबब’ कोण लिहितं हो बाबा आता?” ती हसली. “माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा लिहायचात. गणित समाधानकारक, सबब तक्रार नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? मला राग आला होता. खूप. दोन दिवस चित्रीकरणाला गेले नाही. मग परत वाचलं. खोटं काही नव्हतं त्यात. येतच नाही मला रडायला. एका बाईंची शिकवणी लावली आहे, त्या म्हणतात श्वास सोडून द्या. श्वास सुटतो. पुढचं येत नाही.”

“मीच तुला सांगितलं होतं. त्या दिवशी.”

ती बॅगेची चेन बघत होती. बंदच होती. म्हणाली, “तुम्ही एकट्यानेच नाही, बाबा—” आणि टॅक्सी आली.

चालकाने तिला ओळखलं. “तुम्ही झेल ना? आमच्या घरात दोन तट आहेत. मला आवडते, बायको नावं ठेवते.”

“पण बघतात ना दोघं?”

“बघतो तर. भांडायला पाहिजे ना काहीतरी.”

गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. ‘एकट्यानेच नाही’ म्हणजे तिनेही स्वतःला बजावलं असेल, असा मी अर्थ लावला.

६ डिसेंबर, शनिवार

काल सहावा भाग झाला. आज ‘तटस्थ’ काढून टाकलं आणि माझं खरं नाव घालून लिहिलं — “मी या अभिनेत्रीचा बाप. चौथ्या भागाबद्दल ‘तटस्थ’ नावाने मीच लिहिलं होतं. माझं चुकलं. तो चेहरा खरा आहे. आमच्या घरात तो तसाच होता.” ‘सबब’ टाळला.

संध्याकाळपर्यंत बेचाळीस पसंती. खाली लोक —

“आता बापाला उतरवलं मैदानात.”

“काका, डोळ्यांत पाणी आलं.”

“हा बाप खोटा आहे, भाषेवरून कळतं.”

“माझ्याही घरात.” एवढंच. नाव नाही.

मेहुणीच्या हातात हे पडायच्या आत हिला सांगायला हवं.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. ही वाळलेल्या चादरी घेऊन आली होती, दोन टोकं माझ्या हातात दिली होती. तटस्थ मी, हेही सांगितलं. त्या दिवशी पोरीला दाराशी नेऊन काय बजावलं, तेही. रागावेल वाटलं होतं. तिने टोकं सोडली नाहीत. माझ्या टोकांना आणून जुळवली.

मग म्हणाली, “तुमच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात नेलं होतं. म्हटलं, बाबांसमोर रडू नकोस. ते कोसळतील.”