प्रकार पुसला जातो

गुरुवार संध्याकाळ, यवतमाळ

ओठ अजून ठणकून राह्यला. आमचं ऑफिस एका दवाखान्यासाठी बनवून राह्यलं त्या प्रोग्रामात सर्व्हरवरून आलेली रुग्णांची यादी उघडली, की प्रोग्राम कोसळत होता. मी आमच्या सिनियरले, प्रफुल्लदादाले, सगळ्यांसमोर सांगतलं, "दादा, कोड कंपाइल झाल्यावर जावा भाषा यादीत कोणत्या प्रकारची माहिती आहे हे पुसून टाकते. प्रोग्राम चालताना तिले नुसती यादी दिसते, कशाची ते नाही. आत रुग्ण आहेत हे सांगाले रुग्णाचा क्लास, म्हणजे तो प्रकार, आपल्याले वेगळा द्या लागते."

"तू मले शिकवतं का बे?" म्हणत त्यानं कीबोर्ड उचलून माह्या तोंडावर हाणला. बटणं फरशीभर उडाली. ओठ फाटला. मीही कॉलर धरून त्याले लोखंडी कपाटावर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काहून थांबलो नाही? बरं वाटत होतं, खोटं कायले लिहू?

पोरांनी आम्हाले ओढून वेगळं केलं. मग ओठाचं रक्त गिळत बसलो, यादीसोबत रुग्णाचा क्लास पाठवला. प्रोग्राम चालला. मागं उभा राहून दादा एवढंच म्हणाला, "बाकीच्या याद्याईलेही लाव."

"तुम्हीच लावा," म्हणून निघून आलो.

उद्या जाणार नाही. त्याच्यापेक्षा माह्याच हाताची भीती जास्त वाटून राह्यली.