मी फिरायला गेल्यावर

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
सिद्धेश्वर तळ्याला दोन फेऱ्या. काटा तीन मैलांच्या पुढे. हे जपानी यंत्र माझ्या भाच्यानं, मधूनं, मुंबईहून आणलं. खिशातल्या घड्याळाएवढं. कमरेला परकराच्या नाडीत अडकवायचं, पाऊल पडलं की आत टिक् होतं, काटा मैल मोजतो. डॉक्टरांना माझी साखर उतरवायची आहे, आणि मधूला डॉक्टरांपेक्षा जास्त घाई. संध्याकाळी ऑफिसातून आला की हात पुढं करतो. "आत्या, बघू आजचा काटा." जन्मभर वॉर्डातले चार्ट मी तपासले, आता हा माझा तपासतो.
कॉन्व्हेंटात मदर सुपीरियर म्हणायच्या, मुलींनी सावकाश चालावं. त्यांच्या वाटेवर कुत्री नसावीत. आज एकाच्या कमरेत काठी घातली. केकाटत गेलं. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी, बुधवार
सुशीलेचं मनगट सुजलंय. मधूची बायको, माहेर वैरागचं, दोन वर्षं माझ्या घरात आहे पण आवाज म्हणून नाही. "न्हाणीत घसरले, आत्या." पट्टी बांधून दिली, आणि वर शेवाळ घासत नाहीस म्हणून चांगली झाडली.
मधू म्हणतो, आता किल्ल्याला वळसा घालून या, चार मैल करा. सकाळची हवा चांगली असते.

११ फेब्रुवारी, सोमवार
दोनदा वही मिटली. लिहिते तरी.
परत येताना शेजारच्या लक्ष्मव्वानं बोळात अडवलं. तिचे दोन यंत्रमाग आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. पहाटेपासून खडाखड, कानात बोटं घालावीत. म्हणाली, "मॅट्रनबाई, सांगू का नको कळंना. तुमी फिराया गेल्या की तुमच्या घरात लई आदळआपट हाय की."
"भांडी पडत असतील."
"भांडी रडतेत व्हय?"
आज सकाळी लाईट गेली, माग थांबले, तेव्हा तिला धड ऐकू आलं. माग चालू असताना कोण ऐकणार? मी तर किल्ल्यापाशी, काटा बघत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
न्हाणीत घसरलेल्या बायका! हॉस्पिटलात अशा किती आल्या, दारातच ओळखायची मी. आणि माझ्याच घरात पट्टी बांधून मोकळी झाले. मूर्ख म्हातारी.
तो मला चालवत नव्हता. घराबाहेर काढत होता. दर आठवड्याला थोडं लांब. संध्याकाळी काटा बघायचा तोही त्याचसाठी, म्हातारी खरंच लांब जाते की कोपऱ्यावरून वळते.
सु.ला एकटीला धरलं. आधी नाही नाही. मग पदर सरकवला, तर पाठीवर पट्ट्याचे वळ, जुने पिवळे आणि नवे निळे. "तुम्ही काही बोलू नका, आत्या. तुमच्या माघारी आणखी मारतील." वैरागला जा म्हटलं, तर धाकट्या दोघी बहिणी लग्नाच्या आहेत म्हणे.
का मारतो ते विचारलं नाही. कारण विचारलं की मारणाऱ्याची बाजू सुरू होते.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
रोजच्या वेळी काठी घेऊन निघाले. बोळातून वळून सरळ लक्ष्मव्वाच्या शेडमध्ये. यंत्र मागाच्या हलत्या दांडीला सुतळीनं बांधलं. टिक् टिक् टिक्. माझ्यापेक्षा सरळ चाल. मी चादरींच्या ढिगावर बसले. काल असंच करून संध्याकाळी चार मैल दाखवले, तर मधू म्हणाला, "शाब्बास, आत्या!"
ठरलं होतं तसं लक्ष्मव्वानं थोड्या वेळानं दोन्ही माग बंद केले. भिंतीपलीकडून पट्टा. एक. मग सु.चा आवाज, तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा.
काठी विसरले. हाताला लागला तो मागाचा धोटा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. मागच्या दारानं गेले. तो पाठमोरा होता. खांद्यावर घातला. वळला, तेव्हा गळ्याखाली घातला. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला कळतो. खाली बसला तरी दोन घातले. आणखी घालणार होते.
हात कुणी धरला? सुशीलेनं! "मारू नका त्यांना, आत्या, मी पाया पडते!"
तिलाही एक ठेवून द्यावी असं मनात आलं. आलं ते लिहिते.
मग त्याचा हात झोळीत बांधून दिला. पट्टी उत्तम बांधली. जन्माची सवय, हात ऐकत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
"पोलिसात जाईन," मधू म्हणाला.
"जा. काय सांगशील?"
गेला तो हॉस्पिटलात. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "न्हाणीत घसरलो."
इतकी हसले की नर्सनं पाणी आणलं.
धोटा परत द्यायला गेले. लक्ष्मव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की तुमाला. माझ्याकडं दुसरा हाय."

१८ फेब्रुवारी, सोमवार
मधूला सांगितलं, घर माझं आहे, महिनाअखेर खोली बघ. सु. पाहिजे तर इथं राहील. तो सु.कडे बघून हसला. ती त्याला भात भरवत होती. घास कालवून, फुंकर घालून! त्याचा डावा हात धडधाकट आहे. रागानं मी माझं ताट भिंतीवर मारलं. वरण अजून तिथं आहे. कुणी पुसलं नाही, मीही नाही.
संध्याकाळी तिनं विचारलं, "आत्या, दहा मैल झाले की हा काटा काय करतो?"
"परत पहिल्यापासून."
"म्हणजे थांबत नाही."
"चालणारा थांबला तर थांबतो."
तिनं यंत्र परत खिळ्याला अडकवलं.

२० फेब्रुवारी, बुधवार
सकाळी उठले तर यंत्र खिळ्यावर नाही. सुशीलेच्या चपला नाहीत. ट्रंक आहे. मंगळसूत्र घालून गेली की नाही, माहीत नाही. लक्ष्मव्वाकडे नाही, नळावर नाही. वैरागच्या एस.टी.साठी गेली, की नुसती तळ्यापर्यंत, की तळ्यात... नाही. यंत्र घेऊन कुणी तळ्यात जात नाही.
आतून हाक आली. "सुशीले, चहा!" दोनदा. मग, "आत्या, ही कुठंय?"
"फिरायला गेलीय."
"कुठं?"
"संध्याकाळी काटा बघ."
तो उठतोय. पलंग करकरला. शेजारी माग चालू झाले, आता इथलं कुणाला ऐकू जाणार नाही. मी दारात खुर्ची टाकून बसले आहे. मांडीवर वही, वहीखाली धोटा.