नवीन सदस्यांच्या रांगेत

५ डिसेंबर

थंडी हाडात शिरलीय. पोल्ट्रीवर कामाला जायच्या आधी आईने पाय शेकून दिले. माझ्यासारख्या सिकलसेलवाल्यांना नवापूरचा डिसेंबर म्हणजे सासुरवासच. तरी दुकान उघडलं. दिवसभर लोकांचे ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. आमचा सिकलसेलचा ऑनलाइन मंच उघडून बघायला संध्याकाळ झाली. बघितलं आणि पुढे जेवण गेलं नाही.

नवीन सदस्यांच्या रांगेत एक पोस्ट कालपासून अडकलेली. नाव रेखा. सारंगखेड्याजवळचं कुठलं तरी गाव.

"माले ताप शे. पाय, कंबर दुखी ऱ्हायनात. पाचवा महिना चालू शे. घरमा सांगं तर म्हनतस नाटक करी ऱ्हायनी. सर्वा जत्रामा गयात. काय करू ताई?"

कालपासून. आम्ही तिघं मॉडरेटर, आणि हे कालपासून.

लगेच पुढे सोडली, खाली लिहिलं: रेखा, ताप आहे तर घरात थांबू नको. कोणालाही सोबत घे, दवाखाना गाठ. सिकलसेल आहे आणि पोटात बाळ आहे हे तिथं आधी सांग.

उत्तर नाही. तिचा नंबरही नाही. नवीन सदस्याने नंबर टाकायचा नाही, असा नियम.

६ डिसेंबर

रेखाचं काही नाही.

कल्याणीला फोन केला. ती पुण्याची, तिच्या भावाला हा आजार. दिवसा रांग तीच बघते. म्हणाली, "अगं, दिसली होती मला. पण ते शे शे काय ते कळेना. वाटलं कुणी चेष्टा करतंय. म्हणून ठेवली."

"मला विचारायचं ना."

"शंका असेल तर ठेवायची, असाच नियम आहे की."

आहे खरा. नवीन माणसाची सुरुवातीची प्रत्येक पोस्ट आम्ही वाचायची, मग ती इतरांना दिसणार. लिंक नाही, नंबर नाही, कोणाला खासगी निरोप नाही. मीही या नियमाला हात वर केला होता. आमच्यातले तिसरे मॉडरेटर मेश्राम काका, त्यांनी मांडला होता, आणि काकांसमोर नाही म्हणायची हिंमत कोणाला? त्यांचा मुलगा नितीन मंचावरच्याच कोणाचं तरी ऐकून गोळ्या सोडून झाडाच्या मुळ्यांची पावडर घ्यायला लागला. गेला. त्यानंतर काकांनी मंच हातात घेतला आणि दाराला कडी लावली.

८ डिसेंबर

अजून काही नाही. दुकानात एका आजोबांच्या अर्जात जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकली. ते म्हणाले, "पोरी, मी आजच जन्मलो का?" हसले. मला हसू येईना.

संध्याकाळी काकांना फोन. ते वर्ध्याला असतात. मी म्हटलं, काका, रांग बंद करू. प्रश्न विचारणाऱ्याला थांबवायचं नाही.

"बेटा, प्रश्न विचारणारा कोण अन् औषध विकणारा कोण, हे तुले पहिल्या दिवशी कसं कळन?"

"नाही कळणार. पण विकणाऱ्याला घाई नसते काका. तो थांबतो. घाई दुखणाऱ्याला असते."

ते म्हणाले, विचार करू. काकांचं 'विचार करू' मला माहीत आहे.

९ डिसेंबर

रांग बंद केली. कोणाला न विचारता. मॉडरेटरच्या सेटिंगमध्ये एक बटण आहे, तेवढंच काम.  

११ डिसेंबर

रेखा आहे.

नंदुरबारच्या दवाखान्यातून लिहिलंय. शेजारची म्हातारी तिला रिक्षात घालून घेऊन गेली. रक्त चढवलं. बाळ ठीक आहे म्हणतात. मी दुकानातच बसून रडले. समोर आधारची झेरॉक्स मागणारा माणूस उभा, तो हळूच म्हणाला, ताई, मी नंतर येतो.

पण तिचं पुढचं वाक्य. तिने या वेळी मराठीत लिहिलंय, शाळेतल्यासारखं जपून: "मी दोन वेळा मोबाइल बघितला. कोणीच बोललं नाही. मग मला वाटलं घरचे खरं बोलतात, मी नाटकच करते. म्हणून मी झोपून राहिले."

आपण तिला 'थांब' म्हणालोच नव्हतो. आपण काहीच म्हणालो नव्हतो. तिने त्याचा अर्थ लावला, आणि तिच्या घरात तोच अर्थ तयार होता.

हे काकांना जसंच्या तसं पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१४ डिसेंबर

व्हायचं ते झालं.

खांडबाऱ्याच्या यशोदाबाई बाजार करून थेट दुकानात आल्या. त्यांच्या मुलीला सिकलसेल, आठवीत आहे. मंचावर त्यांना मीच घेतलं होतं. पिशवीतून पुडी काढून ठेवली. "तुमच्या मंचावरच्या डॉक्टरांनी पाठवली. गोळी बंद करा बोलले, हिच्यानं मुळापासून जातं."

कुठले डॉक्टर? नवीन सदस्य. रांग बंद केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आलेला. खासगी निरोप पाठवत बसला होता.

"गोळी बंद केली का?"

"नाय. पोरगी ऐकेना. बोलली, आधी अनिताताईला विचारून ये."

ती पोरगी हट्टी नसती तर.

त्या माणसाला काढलं. अजून कोणाकोणाला निरोप गेले ते शोधून प्रत्येकीला फोन केले. यशोदाबाईंचा माझ्यावर राग नाही. त्यांनी चहा मागवला, मलाच पाजला. त्यामुळे जास्त लागलं.

१५ डिसेंबर

काल संध्याकाळीच काकांना सगळं स्वतः सांगितलं. लपवलं नाही. त्याच बटणाने नव्यांचे खासगी निरोपही उघडले, ते मी बघितलं नाही, ही माझी चूक. कडी काढताना मी अख्खं दारच काढून ठेवलं. निरोप, लिंक, नंबर हे नव्यांना बंदच पाहिजे. पण प्रश्न? प्रश्न चारचौघांत विचारतात. तिथे कोणी पावडर विकायला आला तर दहा जण धरतील. बंद खोलीत येतो तेव्हा कोणी धरत नाही.

 शेवटी काका म्हणाले, "मी तुले ओरडणार नाही."

आज सकाळी बघते तर मी मॉडरेटर नाही. साधी सदस्य. रांग परत चालू.

आई म्हणाली, "बरं झालं, डोळ्यांना आराम."  पण मला आराम नको आहे.

१८ डिसेंबर

नवीन अकाउंट काढली. एक नाही, दोन. मेघना आणि सुमन. दोघींचा प्रश्न एकच: लहान मुलाला ताप आहे, अंग दुखतं, दवाखाना लांब, तोवर काय करू?

मेघनाने लिहिलं: "सर्वप्रथम आपल्या उपक्रमास मनःपूर्वक शुभेच्छा." पुढे सगळं शुद्ध, स्वल्पविरामासकट.

सुमनने लिहिलं आमच्या बाजारात बोलतात तसं.

मेघना चहा व्हायच्या आत दिसायला लागली. आणि उत्तरं धडाधड: पाणी पाजत राहा, अंग गरम ठेवा, पण थांबू नका, लगेच निघा. लोकांचा जीव चांगला आहे. म्हणूनच तर भांडतेय.

सुमन रांगेत.

१९ डिसेंबर

सुमन रांगेत. संध्याकाळ झाली तरी.

दोन्हीचे स्क्रीनशॉट मंचावर टाकले. माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट. वर लिहिलं: या दोघी मीच आहे. मेघनाचं मूल वाचलं. सुमनचं अजून रांगेत आहे.

 

२१ डिसेंबर

फार बोलणी खाल्ली. "खोटी अकाउंट काढणारी आम्हाला शिकवणार?" "आजारी मुलाचं नाटक करता, लाज वाटत नाही?" नाटक हा शब्द बघून रेखा आठवली.

चांगलंही आलं. धडगावच्या एका गुरुजींनी लिहिलं की त्यांची पोस्ट अडकली होती, कंटाळून मंच सोडून दिला होता. गडचिरोलीची एक बाई म्हणते, मुलाकडून 'चांगल्या मराठीत' लिहून घेतलं तेव्हा कुठे दिसली.

कल्याणीचा फोन. आवाज बसलेला. "तू मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस. मला फोन करून सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं होतं. सहा तारखेला."

"मी एकटी दिवसभर ती रांग बघते अनिता. कॉलेज करून. भावाचं बघून. कोणी बघितलंय ते?"

 दिवसा ती रांग कोण बघतं हे मला माहीत होतं आणि तरी मी टाकलं. परत टाकीन का? टाकीन. पण आधी तिला फोन करीन. तिने फोन ठेवला तेव्हा मी माफी मागायच्या बेतात होते. अर्धीच मागून झाली.

२४ डिसेंबर

काकांचा फोन. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

बराच वेळ थंडीचं बोलले. तुझे पाय कसे, आई कशी. मग: "सुमनची पोस्ट मीच ठेवली होती. कल्याणीनं नाही. तिनं मले विचारलं, मी म्हटलं राहू दे."

काका पुढे म्हणाले,

"मले बी कळत नाही ते बोलणं. पण खरं सांगू, वाचलं बी नाही धड. पाहिलं अन् ठेवलं."

मग मी विचारलं. कधीचं विचारायचं होतं, आणि विचारू नये असंही वाटत होतं. "काका, नितीनदादाला ज्याने सांगितलं, तो नवीन होता का?"

 समोरून सुरतकडे जाणारे ट्रक.

"नाही," काका म्हणाले. "जुना होता. सगळे त्याले सर म्हणत. मी बी."

मी सॉरी म्हणाले. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्यांनी लावलेली कडी त्या जुन्या माणसाला अडवू शकलीच नसती, हे त्यांना इतकी वर्षं माहीत असणार. काहीतरी करायचं होतं, म्हणून दाराशी उभे राहिले. मी तरी दुसरं काय केलं असतं.

२८ डिसेंबर

आज सगळ्यांची फोनवर बैठक. कल्याणी होती. माझ्याशी सरळ बोलली नाही, पण माझ्या एका मुद्द्यावर 'हे बरोबर आहे' म्हणाली. आज तेवढं पुरे.

ठरलं ते: नव्यांचे प्रश्न थेट दिसणार. भाषा कुठलीही. लिंक, नंबर, खासगी निरोप सगळ्या नव्यांना बंद. जुन्यांपैकी कोणी गोळी सोडायला सांगितलं तर तोही बाहेर, मग तो कितीही मोठा सर असो. हे शेवटचं काकांनी स्वतः घातलं. नव्या प्रश्नांवर लक्ष ठेवायचं कल्याणीचं ओझं आता सहा जणांत. अहिराणी आणि आमच्याकडच्या आदिवासींच्या पावरी, कोकणी बोली जाणणारे त्यात पाहिजेत, असं मी म्हटलं. धडगावचे गुरुजी तयार झाले.

पण काकांची अट: होळीपर्यंत. "तोवर एक जरी असा पावडरवाला घुसला, तर मी रांग परत लावीन."

मी म्हटलं, "काका, मोजायचं तर दोन्हीकडचं मोजू. तो घुसला तो एक. आणि उत्तराची वाट बघत जी झोपून राहिली, तीही एक. तिचं नाव कोणाच्याच हिशोबात येत नाही."

"पाहू," म्हणाले.

मला मॉडरेटर परत करतो म्हणाले, पण बैठकीत ठरलेलं सगळं, होळीची अटसुद्धा, बिनबोभाट मान्य करायचं, असं लिहून दे. नाही दिलं. साधी सदस्य म्हणून राहीन. सदस्याला प्रश्न विचारायला कोण अडवतो ते बघू.

पावडरवाला येईल. ते तर येतातच. आणि काका रांग लावतीलही, त्यांचं दुःख माझ्यापेक्षा जुनं आहे. लावू देत. त्या दिवसापासून मी रोज एक नवीन अकाउंट काढीन, रोज एक प्रश्न टाकीन, आमच्या बाजाराच्या भाषेत. काढून टाकलं तर दुसरं.

नावं मला पुष्कळ सुचतात.