मोठ्या बाईंच्या कुंडीच्या मुळाशी

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार (माझ्या गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). दम्याचं औषध वेळेवर घेतेस का, हे विचारत नाही. घेत नसलीस तरी 'घेते' असंच कळवशील. तू निवृत्त झालीस तरी शाळेची खबरबात तुला लागतेच, आणि या खेपेची दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

यंदा पाचवीला वाचन आणि संशोधनाचा तास आहे आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. पाठ्यपुस्तकाबाहेरची माहिती शोधायची, ताडून बघायची आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची, एवढंच काम. पण आपली मुलं उतरवून काढण्यात पटाईत (आपणच केलीत). मगरीवर लिहिताना एकीने 'पुढील पान पाहा' हेही उतरवलं. स्वतःच्या शब्दांत लिही म्हटलं, तर 'माझ्या मते पुढील पान पाहा' असं लिहून आणलं. मी मात्र नेट सोडला नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, मुळाशी जा, असं ऊठसूट घोकवलं, आणि हळूहळू मुलं खरोखरच प्रश्न विचारायला लागली. सगळ्यांत पुढे आमचा शंकासुर (खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलंय). मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पुढचा विषय होता 'आपल्या शाळेतली झाडं'. शंकासुराच्या गटाच्या वाट्याला मोठ्या बाईंच्या खोलीतली कुंडी आली. तीच गं, तू मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडताना त्यांच्या हवाली केलेली, 'दिवसाआड पाणी घाला, ऊन दाखवू नका' असं बजावून. बाई तुझ्या शब्दाबाहेर कधी गेल्या नाहीत. पण वनस्पतींच्या जाडजूड पुस्तकात तसलं पान काही सापडेना, तेव्हा बाई सभेला गेल्याचं बघून गट मुळाशी गेला. अक्षरशः. खुरपं घेऊन.

मूळच नव्हतं, मावशी. प्लास्टिकचा दांडा आणि खाली सिमेंटचा गोळा.

गटाने आपला निष्कर्ष चित्रासकट व्हरांड्यातल्या फलकावर लावला: 'पाणी घालतात: मोठ्या बाई. वाढ: नाही.' नेमकी त्याच दिवशी पालकसभा. बाईंनी फर्मान काढलंय, की मुलांनी माफी मागावी, नाहीतर सोमवारपासून हा तास बंद आणि त्या जागी शुद्धलेखन. म्हणजे पुन्हा उतरवून काढणं. शंकासुर म्हणतो, "माती सांडली त्याची माफी मागतो. पण प्लास्टिक आहे, त्याची कशी मागू?" खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला, आणि हा तास गेला तर मला फार वाईट वाटेल.

बाकी क्षेम.

तुझी भाची

ता. क. मूळ स्रोताला विचारल्याशिवाय निष्कर्ष पक्का नाही, असं मुलांनी ठरवलंय. मूळ स्रोत म्हणजे तू. शनिवारी ती तुझ्याकडे येताहेत, आणि 'मीही येते' असं बाई म्हणाल्यात. 'मलाही ठाऊक नव्हतं हो' एवढं तू म्हणालीस, तर बाईंचा राग उतरेल आणि तास वाचेल. खोटं असलं तरी म्हण. (मुलांपुढे चेहरा गंभीर ठेव, आता ती चेहराही ताडून बघतात.)

ता. क. दुसरा. आमच्या आईच्या खिडकीतलं झाडही तूच दिलेलंस. ती रोज त्याची पानं पुसते, त्याच्याशी बोलते, आणि परवा म्हणाली, नवी पालवी फुटतेय. मी मुळाशी गेलेले नाही. शनिवारी मुलांनी विचारलं, तर आईचा पत्ता देऊ नकोस.