हायड्रोजनच्या टगची आयुधपूजा

९ ऑक्टोबर १९९७
मंगळवारी विमानतळावर चाचणी. सामानाच्या चार भरलेल्या ट्रॉल्या तासभर न थांबता ओढल्या तर आमच्या टगचं, म्हणजे ट्रॉल्या ओढणाऱ्या गाडीचं, काम पुढे चालणार. नाहीतर बोम्मसंद्रातली शेड बंद, आणि मी पुन्हा डिझेल इंजिनं खोलायला. हायड्रोजन आणि हवा, एवढ्यावर वीज. धूर नाही, मागच्या नळीतून नुसतं पाणी. तीन वर्षं गेली यात. देवा, एवढं पार पाड.

१० ऑक्टो.
आयुधपूजा, यंत्रांची. कापूर लावायचा नाही, हे मीच बजावलं. हायड्रोजनची टाकी शेजारी. ड्रायव्हर मुनियप्पा रुसला. आरतीशिवाय पूजा म्हणजे हजेरी लावून घरी जाणं, म्हणाला. मलाही चुकल्यासारखं वाटलं. भरपाई म्हणून शेवंतीची जाड माळ पुढच्या जाळीवर बांधली, वर मूठभर हळद-अक्षता. तशीच सुरू करून शेडभोवती फेऱ्या मारल्या.

१२, रविवार
सुटी नाही. दोन ट्रॉल्यांतच टगचा दम संपला. शेडच्या साहेबांच्या मते वीज बनवणारे सेल गेले. नवे यायला सहा महिने, तोवर कोण थांबतंय. एकेक सेल तपासला. सगळ्यांचं व्होल्टेज कमी, आणि सारखंच कमी. सगळे एकदम कसे आजारी पडतील?
जेवण गेलं नाही. सौ. ताक ठेवून गेली.

१३ ऑक्टो.
जाळीमागचा हवेचा फिल्टर काढला. पाकळ्या, हळद, तांदूळ यांचा गच्च थर. पंख्याने माझी पूजा आत ओढली होती. गावच्या शाळेत गुरुजी पेला पालथा घालून मेणबत्ती विझवून दाखवत. हवेशिवाय काही चालत नाही, तेच विसरलो.
मुनियप्पाला हसू आवरेना. "अण्णा, कापूर नको म्हणून आम्हाला दटावलं, आणि स्वतः तिच्या नाकात फुलं कोंबली."
साहेबांना जाऊन सांगितलं, चूक माझी. ते म्हणाले, "नवा फिल्टर आहे ना? बसवा."
देवाने काही मागितलं नव्हतं. मीच जास्त घातलं.

१४ ऑक्टो.
चार ट्रॉल्या, एक तास आठ मिनिटं. थांबली नाही. मुनियप्पाने उतरल्यावर बॉनेटला हात लावून कपाळाला लावला.
विमानतळाचे अधिकारी हो म्हणाले नाहीत. महिनाभर इथेच चालवा, मग सांगतो; स्वल्प धीर धरा. देखरेखीला रोज मी यायचं.
निघताना तिथला डिझेल टगवाला जवळ आला. वाकून खाली पाहिलं, मग पत्र्याला कान लावला.
"ही चालू आहे की बंद?"
चालू आहे, म्हटलं.