तळाच्या दारातलं विमान

जालना,
रविवार

प्रिय आत्याबाई,

हे पत्र मीना तुम्हाला वाचून दाखवील. मधलं काही गाळायचं न्हाई, असं मी तिला, माझ्या धाकट्या जावेला, आधीच बजावलंय. फोनवर यांचा, तुमच्या लेकाचा, विषय निघाला की तुम्ही फोन तिच्या हातात देता आणि गोठ्याकडं निघून जाता. म्हणून लिहायला बसले. एवढं शेवटपर्यंत ऐका.

गेल्या महिन्यात मी आणि चिन्मयी उत्तरेत जाऊन आलो. हे ज्या जातीचं लढाऊ विमान चालवायचे, ती सगळी विमानं आता निवृत्त झाली. त्यातलं एक यांच्या जुन्या हवाई तळाच्या फाटकाजवळ चौथऱ्यावर उभं केलंय, कायमचं. त्या कार्यक्रमाला जुन्या वैमानिकांच्या घरच्यांना बोलावलं होतं. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्या लोखंडाचं तोंड मला बघायचं न्हाई." मीही जाताना दातओठ खातच गेले होते. वाटलं होतं, समोर काहीतरी राक्षसासारखं असेल. तसं काही नव्हतं. कापूस भरून बाजारात उभ्या असलेल्या ट्रकहून फार मोठं नव्हतं ते. नाक निमुळतं, पंख आखूड, अंगावर ताजा रंग. इंजिन काढून घेतलेलं, आत नुसती पोकळी. चिन्मयीनं त्याच्या पोटाला हात लावला, उन्हानं तापलं होतं. वडील गेले तेव्हा ती रांगायची. तिला त्यांचं काहीच आठवत नाही. ती वर बघत म्हणाली, "आई, बाबा यात मावायचे कसे?" सुट्टीवर आले की आपल्या चौकटीला यांचं कपाळ हमखास लागायचं आणि तुम्ही हळद घेऊन धावायचात, ते मला आठवलं. त्या विमानाखाली उभी राहून मी हसले, आत्याबाई. मलाच नवल वाटलं.

मग हे गेले तेव्हाचा तो दिवसही आठवला. आपल्या टेंभुर्णीच्या शाळेपुढं गाडी थांबली, झेंड्यात गुंडाळलेली पेटी उतरवली. तुम्ही म्हणालात, "पेटी उघडा, मला लेकाचं तोंड बघू द्या." साहेब लोक खाली बघत राहिले. मामांजींनी तुमचा हात धरला. पेटी उघडली नाही. संध्याकाळी बायका माझ्याकडं आल्या, तेव्हा तुम्ही मधे उभ्या राहिलात. "त्या पेटीत कोण व्हतं, म्या बघितलं न्हाई. मंग हिचं कुंकू कशापायी पुसता?" कुणाची छाती झाली नाही पुढं यायची. त्यानंतर दर संक्रांतीला पहिलं हळदीकुंकू तुम्ही मला लावलंत. गावात एकाही दारातून मला कुणी मागं फिरवलं नाही. मी जालन्यात नोकरी धरली, लेकीला इंजिनिअर केलं, ताठ मानेनं वावरले, ते तुमच्या त्या एका बोलण्याच्या जोरावर. पण तुम्ही खरंच वाट बघत राहिलात. दिवाळीला यांचं ताट वाढत राहिलात. मी काही बोलले नाही. बोलायला माझ्याकडं तरी काय होतं? बघितलं तर मीही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर चहा चालला होता. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. "आप रामप्रसाद साहब के घर से?" राधेश्याम त्यांचं नाव. उड्डाणाआधी विमान तयार करून देणाऱ्यांतले, यांना आत बसवून पट्टे आवळणारे. हे गेले त्या सकाळी तुम्ही पाठवलेली शेंगदाण्याची चटणी यांनी सगळ्यांना वाटली होती म्हणे. शेवटचं बोट चाटून हसत वर चढले. विमान जमिनीवरून उठलं आणि इंजिनात पक्षी गेला. उंची इतकी थोडी होती की काही करायला वेळच मिळाला नाही, विमान कोसळलं. यांना आणायला गेलेल्या माणसांत राधेश्यामही होते.

मग तुमचा प्रश्न मी विचारला. पेटीत तेच होते का? त्यांनी कप खाली ठेवला. "बहनजी, मैंने अपने हाथों से रखा था. साहब ही थे." मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, डावा हात शाबूत राहिला होता. करंगळी वाकडी होती.

ती करंगळी तुम्हाला माहीत आहे. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात सापडली होती, तुम्हीच बांधली होती.

आत्याबाई, त्या पेटीत तुमचा लेकच होता. तो घरीच आल्ता, तुमच्यापाशी. येताना गाडीत चिन्मयी म्हणाली, "आजीला सांगू नको, तिचा धीर सुटेल." मी म्हणाले, ज्या बाईनं सगळ्या गावापुढं मला धरून ठेवलं, तिच्यापासून मी हे लपवणार न्हाई.

आणि आता सांगते, हे सगळं आजच का लिहिलं. राजानंद सरांना तुम्ही ओळखता. मंठ्याच्या शाळेत शिकवतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात बसून राहिले होते. "माणूस सरळ हाय," असं तुम्हीच म्हणाला होतात. मी त्यांच्याशी लग्न करणार आहे. त्यांनी विचारून फार दिवस झाले, पण तुमच्या घरात माझा नवरा जिवंत होता, मी काय उत्तर देणार? तळावरून आले आणि हो म्हणाले. चिन्मयीला ठाऊक आहे, तारीख ठरली आहे. ही परवानगी मागत नाही. लोक बोलतील, त्यांचं ऐकून घेईन, पण मागं फिरणार नाही. शनिवारी मी टेंभुर्णीला येतेय. रागवा, दार लावून घ्या, मी ओट्यावर बसेन. सरांच्या बहिणीनं परवा विचारलं, लग्नात माझ्या बाजूनं कोण उभं राहणार? माझी आई आता नाही. मी तुमचं नाव सांगितलंय.

तुमचीच,
शरयू